लाइन तीन, स्क्विरल हिल

आकाशवाणीवरचा फोन-इन कार्यक्रम मी आतून पाहिलेला आहे. सांगली केंद्रावर मी वर्षानुवर्षं कॅज्युअल अनाउन्सर होते. सरकारी कागदावर ‘नैमित्तिक उद्घोषिका’. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्‌झ. ऐकणाऱ्याला वाटतं, फोन आला, गप्पा झाल्या, गाणं लागलं. प्रत्यक्षात आमच्याकडचे बरेचसे फोन आधी रेकॉर्ड व्हायचे. जतहून कुणी मावशी बोलायच्या, ‘मॅडम, तुमचा आवाज लई ग्वाड’ इथून सुरुवात करायच्या आणि बोलता बोलता टँकर चार दिवस आला नाही याच्यावर यायच्या. टँकर कापायचा, ‘लई ग्वाड’ अर्धं ठेवायचं, आणि उरलेलं ठरलेल्या दिवशी ऐकवायचं. कुणी दुष्टपणे कापत होतं असं नव्हे. एआयआर कोड म्हणून आकाशवाणीची एक नियमावली आहे, ती आम्हाला तोंडपाठ असायची. मित्रराष्ट्रांवर टीका नको, राजकीय पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने टीका नको. आता टँकर कोण पाठवतं? सरकार. मग काप.

त्यामुळे अमेरिकेत पिट्सबर्गला लेकीच्या बाळंतपणासाठी गेले आणि तिथलं केडीकेए हे रेडिओ केंद्र ऐकायला लागले, तेव्हा सुरुवातीला माझा हात सारखा हवेत फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, शोधायचा. लोक थेट फोनवर येऊन महापौरांना, गव्हर्नरांना, वीज कंपनीला, झाडून सगळ्यांना नावं ठेवत होते, आणि सूत्रधार मध्येच ‘बरोबर आहे’ म्हणून आगीत तेल ओतत होता. एकदा एक बाई राज्य सरकारला उद्देशून काहीतरी बोलली आणि मी स्वयंपाकघरात चक्क ‘अगं!’ म्हणाले.

अर्थात ऐकायला आधी रेडिओ हवा, आणि लेकीच्या घरात तो नव्हताच. गाडीत आहे, फोनवर अ‍ॅप आहे, आणखी कशाला हवा, असं तिचं म्हणणं. मला अ‍ॅपवर रेडिओ ऐकणं मान्य नाही. जावयाने जुन्या वस्तूंच्या दुकानातून गजराचं घड्याळ असलेला एक रेडिओ आणून दिला. एएमचा, म्हणजे मीडियम वेव्हचा, पट्टा लावला तर नुसती खरखर. मीडियम वेव्हचं हे दुखणं मला नवं नव्हतं. स्वयंपाकघरातले एलईडी दिवे बंद केले, फोनचा चार्जर भिंतीतून उपसला, आणि रेडिओ काटकोनात फिरवला. आतल्या फेराइट दांडीला, म्हणजे अँटेनाला, केंद्राची दिशा मिळावी लागते. १०२० वर आवाज असा स्वच्छ आला की जावई शेगडीजवळून उठून बघायला आला. ५० हजार वॅटचं केंद्र आहे ते. रात्री त्याच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन अर्ध्या पूर्व अमेरिकेत पोचतात. दिवसा मात्र ते पिट्सबर्गचं आणि आसपासच्या काउंट्यांचं.

या केंद्राला इतिहास आहे आणि तो ते लपवत नाहीत. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या केंद्रांची नावं साधारण डब्ल्यूने सुरू होतात आणि पश्चिमेकडच्यांची केने. पिट्सबर्ग चांगलंच पूर्वेला, तरी नाव केडीकेए, कारण परवाना मिळाला ऑक्टोबर १९२० मध्ये, ही वाटणी पक्की होण्याआधी. त्याच्याही आधी वेस्टिंगहाउस कंपनीतला फ्रँक कॉनरॅड नावाचा इंजिनिअर विल्किन्सबर्गमधल्या आपल्या गॅरेजातून हौसेने ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून हवेत सोडायचा. लोक त्याला पत्रं पाठवायचे, अमुक तबकडी लावा. म्हणजे फर्माइश! हॉर्न नावाच्या मोठ्या दुकानाने हे ऐकण्यासाठी तयार संच विकायची जाहिरात दिली, ती वेस्टिंगहाउसच्या एका वरिष्ठाने वाचली, आणि संच विकायचे तर रोज काहीतरी ऐकवायला हवं हे त्याच्या ध्यानात आलं. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री ईस्ट पिट्सबर्गच्या कारखान्याच्या छपरावरच्या खोलीतून हार्डिंग-कॉक्स या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल सांगितले गेले. निकाल एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून टेलिफोनवर यायचे आणि लिओ रोझेनबर्ग ते वाचायचा. मधूनमधून तो ऐकणाऱ्यांना विनंती करायचा: कुणाला हे ऐकू येत असेल तर कृपया कळवा, आवाज कुठवर पोचतोय ते आम्हाला समजून घ्यायचं आहे. पहिलं केंद्र कोणतं यावर डेट्रॉइटवाले अजून वाद घालतात, तो त्यांचा त्यांनी मिटवावा. मला त्या विनंतीचं अप्रूप वाटलं. आमच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. व्हाइसरॉय ‘ऐकू येतंय का, कळवा’ म्हणाले असतील, असं मला काही वाटत नाही.

आता केडीकेए बातम्या आणि गप्पांचं केंद्र आहे. गाणी नाहीत. तासाच्या ठोक्याला नेटवर्कच्या राष्ट्रीय बातम्या, त्याआधी केंद्राचं नाव आणि शहराचं नाव. ते कायद्यानेच दर तासाला सांगावं लागतं. मग स्थानिक बातम्या, रस्त्यांची खबर, हवामान आणि उरलेल्या वेळात सूत्रधार व फोन. रस्त्यांची खबर मला आधी कंटाळवाणी वाटायची. पार्कवे ईस्टवर शहराकडे येणारी वाहनं स्क्विरल हिल बोगद्यापासून एजवूडपर्यंत तुंबली आहेत, हे रोज सकाळी सांगायची काय गरज, ती तर रोजच तुंबतात. पण जावई निघण्याआधी नेमकं तेवढंच ऐकून जायचा. बातम्यांत त्याला रस नव्हता, बोगद्यात होता. जाहिराती छपरं बदलून देणाऱ्यांच्या, पन्हळी साफ करणाऱ्यांच्या आणि अपघाताची भरपाई मिळवून देणाऱ्या वकिलांच्या. जाहिराती फार, हे खरं. आकाशवाणीत वाढलेल्या कानाला ते सोसत नाही.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे खासगी एफएमवर चोवीस तास बडबड चालते, पण स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना परवानगी नाही. द्यायच्याच असतील तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. म्हणजे सांगलीत पूर आला तर सांगलीचा एफएमवाला गाणी लावणार आणि ‘सांभाळून राहा बरं का’ म्हणणार. पिट्सबर्गसारख्या मध्यम शहरात एक खासगी केंद्र स्वतःचे वार्ताहर ठेवून पालिकेच्या सभेत काय झालं ते त्याच दुपारी सांगतं, याचा मला हेवा वाटला. अमेरिकेतही याची दुसरी बाजू आहे. वादाच्या विषयात दोन्ही बाजू मांडा, असं बंधन असलेला एक नियम तिथे होता, तो १९८७ मध्ये काढून टाकला, आणि त्यानंतर एकाच बाजूने दिवसभर आरडाओरडा करणाऱ्या कार्यक्रमांचं पीक आलं. सगळं सोनं नाही ते. पण केडीकेएवरचे दुपारचे फोन बहुतेक गावातल्याच भांडणांचे असत आणि ती भांडणं मला कळायला लागली होती.

२७ जानेवारी २०२२, गुरुवार. त्या दिवशी बेन रॉथलिसबर्गर या अमेरिकन फुटबॉलपटूने निवृत्ती जाहीर केली. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचा अठरा हंगामांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली रचणारा मुख्य खेळाडू. दिवसभर तेच. लोक फोनवर रडत होते, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या रडण्याने सगळेच जागे होतो. बाहेर बर्फ. मी रेडिओ लावला तो आज शाळा किती उशिरा भरणार हे ऐकायला. शाळेशी माझा काही संबंध नव्हता, पण ती यादी ऐकायची मला सवय झाली होती. थोड्या वेळाने सायरनचे आवाज यायला लागले, एकामागून एक, थांबेनात. रेडिओवर आधी एवढंच आलं: फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यूवर, फ्रिक पार्कजवळ, गॅसचा वास. मग पूल. मग पुलावर बस आहे.

फर्न हॉलो पूल स्क्विरल हिलमधल्या आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. पावणेसातच्या आसपास तो अख्खा खाली दरीत बसला. वर एक जोडबस आणि चार गाड्या होत्या, पाचवी मागून येऊन पडली. दहा जण जखमी झाले, मेलं कुणी नाही. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडेन शहरात येणार होते, आणि कशासाठी, तर रस्ते-पूल दुरुस्तीच्या निधीवर भाषण करायला. योगायोगाने इतकं ढळढळीत असू नये. महापौर एड गेनी यांना खुर्चीवर बसून महिनाही झाला नव्हता.

त्या दिवशीचं केडीकेए मी व्यावसायिक कानाने ऐकलं. काय माहीत आहे आणि काय नाही, हे ते वेगवेगळं सांगत होते. निवेदक दर काही मिनिटांनी सगळं पहिल्यापासून सांगायचा, कारण रेडिओ नुकताच लावलेला माणूस गृहीत धरावा लागतो. पुलाची तपासणी व्हायची आणि २०११ पासून शेरा ‘वाईट’ असाच होता, हे दिवस मावळायच्या आत हवेवर आलं. २०१८ साली एका नागरिकाने गंजून तुटलेल्या तिरप्या आधाराचा फोटो पालिकेला पाठवला होता, हेही आलं.

पुढचे काही आठवडे फोनवर हाच विषय. शहरात चारशेच्या वर पूल. कुणाच्याही घरून कामावर जायचं तर दोन-तीन ओलांडावेच लागतात. प्रत्येकाला आपल्या पुलाची काळजी. आणि मला महाडजवळचा, सावित्री नदीवरचा पडलेला पूल डोळ्यासमोरून हलेना.

माझं माहेर महाडचं. तेव्हा एके दिवशी ठरवलं, आपण फोन लावायचा.

इतकी वर्षं मायक्रोफोनच्या अलीकडे काढलेल्या बाईला पलीकडून आत शिरणं अवघड जाऊ नये. पण आत शिरण्याचीही एक पद्धत असते आणि ती ऐकूनच शिकावी लागते. सूत्रधार तासाच्या सुरुवातीला विषय मांडतो, साधारण आठ-दहा मिनिटं एकटाच बोलतो, मग नंबर सांगतो. नंबर सांगितल्यावर फोन कराल तर एंगेज. सगळं गाव त्याच क्षणी बोट दाबतं. म्हणून तो विषय मांडत असतानाच लावायचा. तेव्हा लाइनी रिकाम्या असतात. वाजत राहतो, कुणी उचलत नाही; कापायचा नाही. पलीकडे एकच मुलगा असतो, तो एक एक उचलतो. काचेपलीकडच्या माणसाला दोनच हात असतात हे मला माहीत होतं, म्हणून मी वाजू दिला.

घरात शांत जागा शोधणं हे वेगळंच प्रकरण. बाळ वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात फ्रिज गुणगुणतो, तळघरात कपडे सुकवायचं यंत्र. शेवटी दाराजवळच्या कोटांच्या कपाटात शिरले. थंडीच्या देशातलं ते कपाट म्हणजे जाडजूड लोकरी कोटांनी गच्च भरलेलं. आत बोलून पाहिलं तर आवाजाला अजिबात घुमारा नाही. सांगलीच्या स्टुडिओत भिंतींना भोकांच्या पाट्या मारून जे साधलं होतं, ते इथे पाच कोटांनी साधलं. लेक म्हणाली, ‘आई, काय करतेयस तिथे?’ म्हटलं, रेकॉर्डिंग.

फोन उचलला गेला. तरुण आवाज, घाईचा, पण उर्मट नाही. केंद्राचं नाव, मग लगेच: नाव काय, कुठून बोलताय, काय बोलायचंय? नाव सांगितलं. स्पेलिंग सांगायला लागले तर म्हणाला, स्पेलिंग नको, म्हणायचं कसं ते सांगा. मला गंमत वाटली. तो सूत्रधारासमोरच्या पडद्यावर टाइप करत असणार, आणि सूत्रधाराला ते वाचून उच्चारायचं आहे, लिहायचं नाही. आमच्या क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमाच्या कागदावर, आम्हीही दाक्षिणात्य गायकांची नावं अशीच फोडून लिहायचो.

मग म्हणाला, पुलाबद्दल मत काय तुमचं? मी म्हटलं, मत नाही, तुलना आहे. तो म्हणाला, एका वाक्यात सांगा.

या एका वाक्यासाठीच तर तो मुलगा तिथे बसलेला असतो. त्याच्याकडे सात-आठ लाइनी लुकलुकत असतात. कोण बडबड्या, कोण प्यायलेला, कोण रोजचाच, कोणाकडे खरंच काही आहे, हे त्याने अर्ध्या मिनिटात ओळखायचं. रेडिओवर लोकशाही आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. ती या मुलाच्या बोटांतून गाळून येते. आमच्या कापण्यात आणि त्याच्या गाळण्यात फरक एवढाच की आम्ही बोलून झाल्यावर कापायचो, तो बोलायच्या आधी निवडतो. आणि आमचा निकष ‘चालेल का’ हा होता, त्याचा ‘ऐकतील का’ हा.

मी कागदावर लिहून ठेवलं होतं. त्यातलं वाक्य सांगितलं: आमच्याकडे एक पूल पडला, तेव्हा कागद म्हणत होता पूल ठीक आहे, तुमच्याकडे कागद दहा वर्षं सांगत होता पूल वाईट आहे, आणि तरीही पडला.

पलीकडे कळफलकाचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. ‘हे असंच बोला,’ म्हणाला. ‘आणि वाचू नका. वाचलेलं कळतं.’ मला वाचलेलं कळतं हे सांगणारा तो! पण बरोबर होता, कागद मी कोटाच्या खिशात कोंबला. मग सूचना: घरातला रेडिओ बंद करा, स्पीकरवर बोलू नका, एका जागी उभ्या राहा, सूत्रधार नाव घेईल तेव्हा थेट मुद्द्यावर या, ‘कशा आहात’ वगैरे नको.

रेडिओ बंद करायला का सांगतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. थेट कार्यक्रम पूर्ण थेट नसतो. तो काही सेकंद मागे ठेवलेला असतो, म्हणजे कुणी शिवी दिली तर ती हवेवर जाण्याआधी एक बटण दाबून गिळता येते. शिवी गेली तर केंद्राला सरकारी दंड होऊ शकतो. पूर्वी हे टेपच्या वेटोळ्यावर करायचे, आता यंत्र करतं. आणि बटण दाबल्यावर संपलेले सेकंद ते यंत्र गुपचूप परत जमवतं, शब्दांमधल्या फटी किंचित ताणून. कुणाला कळतही नाही. आपला रेडिओ चालू असेल तर आपलाच आवाज मागाहून कानात येतो आणि माणूस अडखळतो. भल्याभल्यांची जीभ अडखळते त्याने.

मग वाट पाहणं. होल्डवर फोनमधून कार्यक्रम ऐकू येत राहतो, जाहिरातींसकट. छपरं, पन्हळी, वकील. माझ्या आधी एक माणूस बर्फ हटवण्याच्या मीठगाड्यांवर बोलत होता. दुसरा रॉथलिसबर्गरवर घसरला, त्याला सूत्रधाराने हसून आवरलं. कपाटात उकडायला लागलं होतं. लाल दिवा नाही, ड्यूटी ऑफिसरची मान हलणार नाही. कधी सुरू व्हायचं ते फक्त कानावर.

‘लाइन तीनवर स्क्विरल हिलमधून...’ आणि माझं नाव, अगदी बरोबर. मुलाने नीट लिहिलं होतं.

मी वाक्य बोलले. मग सावित्रीच्या पुलाची हकिकत, जेवढी थोडक्यात सांगता येईल तेवढी. मुंबई-गोवा महामार्ग, महाडजवळ, ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल. २ ऑगस्ट २०१६, रात्र, नदीला पूर. दोन एसटी बस, एक जयगडहून मुंबईला निघालेली आणि एक राजापूरहून बोरिवलीला, आणि आणखी काही वाहनं अंधारात पाण्यात गेली. पावसाळ्याआधी तपासणी झाली होती, शेरा होता वाहतुकीला सुरक्षित. मी बोलताना सूत्रधार मध्ये पडला नाही. मग त्याने विचारलं, तुम्ही तेव्हा कुठे होता?

हे माझ्या कागदावर नव्हतं. मी सांगितलं, स्टुडिओत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेला, म्हणजे सकाळच्या प्रसारणाला, माझी ड्यूटी होती. आमच्याकडे सकाळी सातनंतर पुण्याहून प्रादेशिक बातम्या येतात, आम्ही त्या फक्त जोडून द्यायच्या. कानाला हेडफोन, हात फेडरवर, आणि बातम्यांत महाड. आईचं घर नदीपासून लांब नव्हतं. भाऊ त्या रस्त्याने रोज जा-ये करायचा. बातम्या संपल्या, आणि मला पुढची उद्घोषणा करायची होती. त्या जागी स्वतःचा शब्द घालायला परवानगी नसते. मी केंद्राचं नाव सांगितलं, वेळ सांगितली आणि पुढचं गाणं लावलं.

सूत्रधार लगेच बोलला नाही. हवेवर शांतता. आमच्याकडे अशी शांतता पडली तर लॉग बुकात नोंद होते आणि मेमो येतो. त्याने ती राहू दिली. मग विचारलं, भाऊ? म्हटलं, सुखरूप, त्या रात्री घरीच होता. तो म्हणाला, ‘आणि तुम्हाला हे सांगायला पिट्सबर्गपर्यंत यावं लागलं.’ मी म्हटलं, आमच्याकडे कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मागे संगीत हळूहळू वर यायला लागलं. नेटवर्कच्या बातम्यांची वेळ. तिथे सेकंदाचीही सूट नसते, संगणक जोडून मोकळा होतो. फेड-इन मी झोपेतही ओळखते. शेवटचं वाक्य मी संगीत चढायच्या आत संपवलं: पूल तपासणाऱ्याचं नाव पुलावरच्या पाटीवर लिहा, उद्घाटन करणाऱ्याचं नको. सूत्रधार हसला, आभार मानले, आणि फोन बंद. निरोप वगैरे काही नाही. तिकडे तो हवेवरून उतरवतात म्हणजे लाइन तोडतात, पुढच्याला जागा करायला.

कपाटातून बाहेर आले तर वरच्या मजल्यावर माझाच आवाज. लेक अ‍ॅपवर ऐकत होती आणि अ‍ॅप हवेच्या कितीतरी मागे असतं. मी बोलून संपले होते आणि तिच्याकडे मी अजून जयगडच्या बसपाशी होते. जावयाने गाडीत एएमवर ऐकलं होतं, त्याचा फोन तिचं ऐकून व्हायच्या आत आला. मी म्हणत होते ना, अ‍ॅपवर रेडिओ ऐकू नये.

बातम्या झाल्यावर पहिलाच फोन माझ्या विरोधात. ब्रॅडॉकहून एक निवृत्त माणूस, लोखंडी बांधकामात हयात गेलेला. ‘त्या भारतातल्या बाईचं’ म्हणणं त्याला पटलं नव्हतं. कागदाचं सोडा, म्हणाला. पुलावरचं पाणी वाहून जायच्या नळ्या कुणी साफ केल्या नाहीत, पाला आणि माती साचली, खालचं लोखंड वर्षानुवर्षं ओलं राहिलं. कागदात काय लिहिलंय याने लोखंड गंजत नाही, पाण्याने गंजतं. एक झाडू आणि एक माणूस, एवढंच लागलं असतं. (चौकशी मंडळाचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. पाण्याचा निचरा न झाल्याने पायाजवळची पोलादी पट्टी गंजून झिजली, आणि सूचना करूनही पालिकेने काही केलं नाही. म्हणजे आम्ही दोघंही बरोबर होतो, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक.)

मला उत्तर द्यायचं होतं. झाडूवाला माणूस कुणाच्या कागदाने नेमला जातो, हे त्या गृहस्थाला विचारायचं होतं. पुन्हा फोन लावला, पुन्हा कपाटात शिरले. तोच मुलगा. त्याने आवाज ओळखला, आणि नियम सांगितला: एका दिवशी एकाच माणसाला दोनदा घेत नाही, मग तो कितीही चांगला बोलो. उद्या करा.

उद्या विषय काय असेल, विचारलं. म्हणाला, बहुतेक रस्त्यांवरचे खड्डे. थंडीत पाणी गोठतं, वितळतं, डांबर फुटतं, फेब्रुवारीत दर वर्षी हेच. मी म्हटलं, ठेवा माझी जागा. सांगली-कोल्हापूर रस्त्याने माझी बरीच तयारी करून घेतली आहे.